कंसातला मार

नाटकात माझ्या नवऱ्याला मला मारायला अर्धी ओळ पुरत होती. छापील पुस्तकात कंसात लिहिलेलं, 'तो तिला मारतो.' पुढच्याच ओळीला मी बेशुद्ध. नगरच्या कॉलेजात बी.ए.ला मराठी घेऊन बसलेली मी त्या अर्ध्या ओळीवर पानंच्या पानं निबंध लिहून मोकळी झाले होते. निबंधात करुण रस होता, समाजाचं प्रतिबिंब होतं, फक्त मार कुठे नव्हता. असणार कुठून? भिंगारच्या लष्करी कचेरीतल्या कारकुनाची लाडकी लेक मी, घर जवळ असून हट्टाने वसतिगृहात राहिलेली; फुलाची छडीसुद्धा अंगाला लागली नव्हती. डोक्यावर दोन वेण्या, आणि त्यांच्या मधे बरीच मोकळी जागा.

नाटक शिकवणाऱ्या बाईंनी निबंध वाचून परत दिला. "छान लिहिलंयस. आता मार खाऊन दाखव."

बाईंचं म्हणणं असं, की पुस्तक वाचून नाटकाची नुसती खबर लागते. समोर माणसं बसली की त्याचं नाटक होतं. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी तेच नाटक मुलींच्या वसतिगृहाकडून बसवायला घेतलं, त्यामुळे पुरुषही आम्हीच. बायको मी. नवरा म्हणून त्यांनी माझ्या खोलीतली मैत्रीण निवडली. पाथर्डीकडची, उंच, हाडापेरानं भक्कम. दुष्काळाचं वर्ष होतं. खाणावळीतली मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आम्ही रडत खायचो, ती गुमान खायची.

पहिल्या तालमीत तिने नुसता हात उगारला आणि मी किंचाळले. बाई वैतागल्या. मग मी शहाणपणा केला. म्हटलं, "अगं, खरंच मार. अनुभवाशिवाय अभिनय नाही." हे मी कुठेतरी वाचलं होतं. लिहिणाऱ्याने कधी मार खाल्ला नसावा.

मैत्रिणीने डोक्यावरची सोंगाची पांढरी टोपी काढली, नीट घडी घातली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. "सांभाळ. मळली तर बघ." आणि मारलं. एक कानाखाली, एक पाठीत, मग कमरेत लाथ. माझे दोन्ही हात टोपीत अडकलेले. तोंड झाकावं तर टोपी पडणार. मी टोपी सांभाळत राहिले आणि रडायचं विसरले.

बाईंनी विचारलं, "हे पुस्तकात नाही. कुठून आणलंस?"

"घरून," ती म्हणाली.

बाईंनी टोपीचं ते नाटकात तसंच ठेवलं. पुढे त्यांनी आम्हाला खोटं मारायला शिकवलं. तिचा हात माझ्या गालाजवळून जायचा आणि विंगेतली मुलगी टाळी वाजवायची. तरी एखादा हात लागायचाच. वसतिगृहभर मी निळे डाग मिरवत फिरायचे, पदकं मिळाल्यासारखी.

संमेलनाला तिचे आईवडील गावाहून आले. आईचा एक कान फुटला होता, दुसऱ्यानेही जेमतेम ऐकू यायचं. तिला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं. आणि लेकीला घेऊन जायचं होतं. आत्याच्या मुलाशी तिचं ठरवून टाकलं होतं. "संमेलन झालं की ट्रंक भर," वडील म्हणाले. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. ती एक परीक्षा सोडून त्या पोरीने आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

विंगेत मी तिची बाही धरली. "आज टोपी गाळ. वडील समोर बसलेत."

मिशी चिकटवत ती म्हणाली, "आई बी बसलीय. तिला ऐकू येत न्हाई. दिसलं तरी पायजे."

पडदा उघडला. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे खुर्च्यांवर. आमचं भांडण रंगेपर्यंत पोरं शिट्ट्या मारत होती. तिने टोपी काढून घडी घातली, तशी बायकांमधली कुजबूज थांबली. मी ओंजळ पुढे केली. समोर पाहिलं, तर सतरंजीवर बसलेल्या तिच्या आईचीही ओंजळ पुढे आली होती. तिला त्याचा पत्ताच नव्हता. शेजारच्या बाईने ते हात पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली.

त्या संध्याकाळी खोटं मारणं जमलं नाही. सगळे हात लागले. मी पडले, बेशुद्ध झाले.

तोच फळ्या दणाणल्या. तिचे वडील स्टेजवर चढले होते. स्वतःची टोपी काढण्याइतकाही त्यांना दम नव्हता. लेकीचं बखोट धरून त्यांनी तिच्या तोंडावर मारलं. मिशी उडाली, ओठ फाटला. परत मारलं, परत मारलं. रक्ताचे थेंब माझ्या गालावर पडले. आणि मंडपात टाळ्या. लोकांना वाटलं, बायकोला बडवणाऱ्या पोराला त्याचा बाप सरळ करतोय. "आणखी दे," मागून कुणीतरी ओरडलं.

मी काय करत होते? पुस्तकात पडदा पडेपर्यंत बेशुद्ध लिहिलेलं, म्हणून एक डोळा उघडा ठेवून बेशुद्ध पडले होते. अशी गुणी विद्यार्थिनी. ती माझ्या अंगावर कोसळली तेव्हा कुठे अक्कल आली, आणि मी वडिलांच्या पोटरीला कडकडून चावले. नात विचारते, "आजी, खरंच चावलीस?" चावले तर. दात तेव्हा स्वतःचे होते.

बेशुद्ध बाई चावली म्हणून मंडप हसत सुटला. वडिलांनी तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि उगारलेला हात तसाच राहिला.

बाई विंगेतून आल्या त्या प्रमुख पाहुण्यांचा नारळ घेऊनच. माईकवर म्हणाल्या, "मुलीने बी.ए. पुरं करावं म्हणून झटणारे हे वडील. आज ऐनवेळी त्यांनी भूमिकाही केली." नारळ त्यांच्या हातात ठेवला. टाळ्या थांबेनात. वडिलांनी सगळ्यांना नमस्कार केला. करतात काय.

खोलीवर आल्यावर मी नाचायचीच बाकी होते. "जिंकलीस. आता कसले नेतायत तुला."

ओठाला ओलं फडकं धरून ती दोन पातळं पिशवीत भरत होती.

"अगं, तुला राहायला मिळालं ना?"

"मला मिळालं. अण्णा आता घरी जाऊन ह्यो राग कुनावर काडतील?"

पडदा पडला की नाटक संपतं, एवढंच मला शिकून ठाऊक होतं. एस.टी.च्या बाकावर ती आईवडिलांच्या मधे बसून गेली.

दोन आठवड्यांनी परतली ती उजवा हात गळ्यात बांधून. वडील स्वतः पोचवायला आले आणि फाटकातूनच मागे फिरले. नारळाची गोष्ट गावभर झाली होती, आता तिला घरी बसवणं त्यांच्या हातात उरलं नव्हतं.

मी विचारलं, "आई?"

"तिच्यापत्तुर मार येऊ दिला न्हाई." ती कॉटवर बसली. "परीक्षेपत्तुर हाड जुळंल म्हनले डाक्टर. तवर मी सांगते, तू लिही."

मी वही घेतली.

"आन भरभर लिही," ती म्हणाली. "लई मागं पडलेय मी."