साधी जुळवणी

‘साधं’ हा शब्द ऐकला की कुलूपवाल्या बाईंचं डोकं फिरायचं. चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. मी तिथेच ऑफिसात टायपिस्ट. कुणी ‘साधं तर आहे’ म्हटलं, की त्या त्याच्यापुढे स्क्रूड्रायव्हर ठेवायच्या. “साधं हाय नं? मंग कर.”

त्यांची धाकटी बहीण धानोऱ्याकडच्या एका गावात साप चावून गेली. दवाखान्यात इंजेक्शन होतं, पण कपाटाला कुलूप, आणि किल्लीवाला मिटिंगसाठी गडचिरोलीला. तेव्हापासून बाई कुलूप बनवायच्या मागे लागल्या. परवानगी असलेली नर्स किंवा आशाताई आपला नंबर दाबून ते उघडणार. कोणी, कधी उघडलं याची नोंद कुलुपातच साठणार. गावात नेटवर्क नाही, म्हणून तालुक्याला जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या फोनवरून ती नोंद पुढे जाणार, आणि नव्या परवानग्या त्याच फोनवरून परत येणार.

पेटंटचा अर्ज मीच टाइप केला. चार वर्षांनी नकार आला. माहितीतलं कुलूप, माहितीतला मोबाइल, दोन्हींची साधी जुळवणी. नवं काही नाही. बाईंनी कागद टेबलावर आपटला. “वाचलं तरी काय याइनं? एवढं कायले लिवलं मंग आपण?”

हायकोर्टात अपील केलं. सुनावणी व्हिडिओवरून. तारखा पडत राहिल्या. एकदा वकील आजारी, एकदा समोरचे वकील नवे, एकदा वेळच उरला नाही. दर तारखेला बाई रजा टाकून, इस्त्रीची पांढरी साडी नेसून माझ्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या. एकदाचा व्हिडिओवर आमचा नंबर लागला, तर आवाजच गेला. बाई बोलत होत्या आणि पलीकडे कुणाला काही ऐकू जात नव्हतं.

शेवटी निकाल आमच्या बाजूने लागला. नकार रद्द, अर्ज त्याच कार्यालयाकडे परत, नव्याने ऐकण्यासाठी.

“म्हणजे मी बरोबर होती नं?”

“हो, बाई.”

“मंग परत पहिल्यापासून काऊन?”

मी निकालाची प्रत फाइलला लावली.

नव्या सुनावणीआधीच बाई गेल्या. भर दुपारी, वर्गात शिकवताना. ऊर्जानगरला नोकरी करणारी त्यांची मुलगी वारस म्हणून माझ्या कॉम्प्युटरसमोर बसली. या वेळचे अधिकारी तरुण होते. अर्ज त्यांनी पानन् पान वाचला होता. त्यांनी अगदी आस्थेने विचारलं, “दोन फोन दोन वेगळ्या परवानग्या घेऊन एकाच दिवशी आले, तर कुलूप कोणाचं ऐकतं?”

इतक्या वर्षांत असं काही बाईंना कुणी विचारलंच नव्हतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं.