दोन कागद

आमच्या हिनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते कागद कापण्याचं. सकाळची वेळ, बुधवार पेठेतलं आमचं दुकान. मी जाड जुन्नरी कागद ताणून धरला होता, ती कात्री चालवत होती.

"अहो, दोन तुकडे पुरतील. एवढा गठ्ठा कशाला? बाजा बसवायचाय की पतंग उडवायचेत?"

"तुला काय कळतंय?"

"मला नाही, माझ्या कानाला कळतं."

खरं होतं ते. मी तंबोरे करणारा, पण म्हातारपणी वरचे बारीक सूर ऐकू येईनासे झाले होते. ठाऊक फक्त हिला. मी जवारी काढायचो, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासायचो, तेव्हा ही मागं पाटावर बसून पुटपुटायची, "अजून. अजून. पुरे." नाव माझं व्हायचं. गिऱ्हाइकांना कळलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं.

तेव्हा श्रीमंत पेशव्यांचं राज्य होतं. संगमावरच्या इंग्रज साहेबाच्या मडमेचा बाजा बिघडला. ते त्याला पियानो म्हणत. पलंगाएवढी लाकडी पेटी, आत तारा. पुढची पट्टी दाबली की कातडं गुंडाळलेली हातोडी तारेवर आपटते. सगळ्या हातोड्या एकाच चौकटीवर, आणि ती चौकट खणासारखी आतबाहेर सरकते.

बंगल्यातल्या सुतारानं धूळ झाडायला चौकट काढली. मागं कागद खोचलेले होते, ते कचरा म्हणून फेकले आणि चौकट ढकलून पार आत बसवली. खालचे सूर ठीक, वरचे मेले.

कारण साधं. कागद गेल्यानं चौकट जास्त आत गेली आणि हातोड्या तारांवर भलत्या जागी पडू लागल्या. तारेला कुठं छेडता, त्यावर आवाज ठरतो. लांब तारेला थोडा फरक चालतो. वरच्या तारा बोटभर. तिथं केसभर चुकलं की सूर गेला.

तारांचं काम म्हणून बंगल्यावर मला बोलावलं. पहिल्या दिवशी हिला बरोबर नेलं. साहेबाचा मुनशी दुभाष्या होता, त्यानं विचारलं, "बाई कशाला?"

"हत्यारं धरायला."

मी चौकट जराशी ओढली, मडमेनं पट्टी दाबली. ही माझ्या कानाशी, "फुटकं मडकं." आणखी ओढली. "हां, आता काशाची वाटी." पण हात काढला की चौकट हलायची, आणि एवढ्या बारीक फरकाला खडूची खूण काय कामाची? मागं कागद खोचणं भाग होतं. ते दुसऱ्या सकाळी कापले. त्याच दुपारी हिला जुलाब-उलट्यांचा वाखा झाला. पुढचा दिवस तिनं पाहिला नाही.

तेरावं झालं आणि संगमाचा शिपाई दारात आला. कागद घेऊन एकटा गेलो. तीन खोचले. मडमेनं वरची पट्टी दाबली. मला नुसती लाकडाची टकटक ऐकू आली.

"झालं का, तंबोरेवाले?" मुनशी म्हणाला.

"मला वरचं ऐकू येत नाही. ऐकणारी होती, ती गेली. मडमेला सांगा, हात माझे, कान तुमचे."

"हे सांगू? उद्या पेठभर होईल."

"तुम्ही असल्यावर होणारच. सांगा."

त्यानं सांगितलं. मडम बाज्यापाशी नीट बसली. तीन कागदांना तिनं नकाराची मान हलवली. एकाला नाक मुरडलं. दोन खोचले, तशी ती तीच पट्टी पुन्हा पुन्हा वाजवू लागली, पोर खुळखुळा वाजवतं तशी.

मग मुनशीकरवी तिनं विचारलं, "तुमच्या बायकोला हेच ऐकू आलं होतं?"

"तिनं कापतानाच दोन म्हटलं होतं. मीच ऐकलं नाही."

कान गेला तर गेला म्हणावं. बायकोच्या कानावर किती दिवस मिरवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. ओळखीचे एक कीर्तनकार बुवा तंबोरा घेऊन आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होतीच. मी हिचा पाट पुसला आणि माझ्या मागं मांडला.

"बसा बुवा. मी घासतो. जमलं की पुरे म्हणा."