धोंडिराम सायझिंगवाला आणि दाट कॉफी

पहिला घोट घेतला आणि धोंडिराम ग्लास हातात धरून तसाच बसला. मग दुसरा घेतला. मग उठून दाराच्या उजेडात गेला आणि ग्लासात डोकावून बघितलं. रंग बरा होता. वास तर नेहमीपेक्षा चांगला होता. पण तोंडात गेल्यावर ती कॉफी थांबतच नव्हती. पाण्यासारखी सरळ घशाखाली, आणि मागं जिभेवर एक कडवट झटका.

"भेसळ," तो म्हणाला. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणाला.

त्याची बायको भीमाबाई दहा दिवसांपूर्वी नातेपुत्याला गेली होती. पोरीचं, शालनचं, दुसरं बाळंतपण सासरी होतं आणि सासू आजारी. जाताना भीमाबाई कॉफीचा डबा भरून ठेवून गेली. "पंधरा दिस पुरंल, कुणाला वाटत बसू नका," असंही सांगून गेली. पण वाटल्याशिवाय धोंडिरामला कॉफी गोड लागत नसे. मिलमधला दोस्त रामहरी, शेजारचे दोघं, कोण येईल तो. डबा नवव्या दिवशी खडखडला. मग तो कोपऱ्यावरच्या वीरभद्रप्पाच्या दुकानातून पूड घेऊन आला. भीमाबाई तिथूनच आणते, हे त्याला माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं त्याला वाटत होतं.

करायला काही चुकलं नव्हतं. पितळी पातेल्यात पाणी, उकळी, पूड, झाकण, मग फडक्यातून गाळणं. भीमाबाई त्याच्याकडं पाठ करून चुलीशी बसायची, तरी वीस वर्षं अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेले आवाज होते ते. पातेल्याचं झाकण कधी वाजतं, फडकं कधी पिळतात, दूध कधी पडतं, सगळं त्याला कानानं पाठ होतं. मिलचा भोंगा व्हायच्या आधी ग्लास हातात आला पाहिजे. दिवसभरात काय वाटेल ते होवो, कुणाशी भांडण होवो, पगार अडो, सकाळचा तो ग्लास त्याचा होता.

त्या ग्लासामागं एक गोष्ट होती आणि ती चाळीतल्या सगळ्यांनी निदान चारदा ऐकलेली होती.

धोंडिराम सोळा वर्षांचा असताना होटगी स्टेशनवर मामाकडं राहिला होता. मामा रेल्वेत खलाशी. तिथं दक्षिणेकडून आलेला एक काळा, उंच ड्रायव्हर शेगडीवर कॉफी करत होता. त्यानं आपला भरला पेला धोंडिरामच्या हातात दिला, अर्धी प्यायला सांगितली आणि त्याच पेल्यातली उरलेली स्वतः प्याला. जात विचारली नाही. पेला विसळून घेतला नाही. पुढं धोंडिराम मिलमध्ये लागला. मिलसमोरच्या हॉटेलात त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी कान तुटलेला कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. आपला आपण काढायचा, पिऊन आपला आपण धुवायचा, परत टांगायचा. तिसऱ्या दिवशी धोंडिरामनं तो कप काढला, मालकाच्या गल्ल्यासमोर नेला आणि फरशीवर आपटला. त्या दिवसापासून बाहेर पाणीसुद्धा घेतलं नाही. "आपली कॉफी आपल्या घरात, आपल्या पितळेत," हे तेव्हापासूनचं. पुढं सगळ्यांसोबत दीक्षा घेतली, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आला, आणि त्या फोटोखाली बसूनच तो रोज सकाळी ग्लास संपवायचा. संपवला की मिशी पुसून म्हणायचा, "दाट झालीय. अस्सल मालाची हीच खूण."

आणि आज ही पातळ.

दुसरा कुणी असता तर पूड परत देऊन आला असता. धोंडिराम फळ्याकडं गेला.

चाळीच्या तोंडाशी, नळापाशी, काळा फळा होता. सोलापुरात तेव्हा चौकाचौकात असे फळे होते. कुणाचं लग्न, कुणाची सभा, पाणी कधी येणार. हा फळा मात्र धोंडिरामचा होता. तिसरीतून शाळा सुटलेला हा माणूस दुकानांच्या पाट्या वाचत वाचत लिहायला शिकला होता. दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या मिलोत, त्या लाल परदेशी ज्वारीत, खडे निघाले ते त्यानं फळ्यावर लिहिलं आणि दुकानदाराला पोतं बदलून द्यावं लागलं. रॉकेलचं माप खोटं होतं ते लिहिलं, तर मामलेदार स्वतः येऊन गेला. त्यामुळं तीन चाळींत एकच बोललं जायचं: फळ्यावर आलं म्हणजे खरं. धोंडिरामला पगारापेक्षा या वाक्याचा जास्त अभिमान होता.

त्यानं खडू घेतला आणि ठळक लिहिलं: "वीरभद्रप्पाची कॉफी भेसळीची. खारकेच्या बिया भाजून मिसळतो. कुणीही घेऊ नये. — धोंडिराम, सायझिंग खाते."

खारकेच्या बिया कुठून आल्या? कुठंतरी ऐकलं होतं की असं करतात. तेवढं पुरलं.

दुपारपर्यंत वीरभद्रप्पाच्या दुकानात शुकशुकाट झाला. संध्याकाळी बायका मिठालासुद्धा पलीकडच्या पेठेत गेल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या पायरीवर खारकेच्या चार बिया ठेवून गेलं.

वीरभद्रप्पा साठीचा, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मऊ. त्याच्या बापानं हे दुकान घातलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो फळ्यासमोर आला. मराठी बोट लावून लावून वाचत असे, तसं वाचलं. धोंडिराम नळावर उभाच होता.

"धोंडिरामा, हे तूच लिहिलास का?"

"खाली नाव हाय की, अप्पा."

"बियाचं कोण बघितलं?"

"जीभ बघितली. वीस वर्षं कॉफी पितोय मी. तुमची पूड तोंडात ठरत न्हाई."

"अय्यो, तोंडात ठरायला ती काय खीर हाय का?"

नळावरच्या दोघीतिघी हसल्या. धोंडिरामचं डोकं फिरलं. "हसू नका. गरिबाला फसवायचं आन् वर मस्करी."

वीरभद्रप्पा दुकानात गेला, शेगडी पायरीवर आणली, लोखंडी कढई ठेवली आणि कॉफीच्या कच्च्या, हिरव्या बियांचं पुडकं सगळ्यांसमोर फोडलं. बियांचा रंग बदलत गेला, तडतड झाली, धूर निघाला, गल्लीभर वास पसरला. पाळीवर निघालेली माणसं थांबली. रामहरी पुढं येऊन बसला. अप्पानं गरम बिया पाटीत ओतून गार केल्या, हातचक्कीत घातल्या आणि दांडा धोंडिरामकडं केला. "तूच फिरव. माझा हात नको लागायला."

धोंडिरामनं दळलं. स्वतःच्या रुमालात पूड बांधली. घरी गेला, पातेलं चढवलं. मागं रामहरी आणि आणखी पाचसहा जण दारात. झाकण, फडकं, दूध. घोट घेतला.

पातळ. तोच कडवट झटका.

त्याच्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. समोर भाजलेलं, स्वतःच्या हातानं दळलेलं. यात खारकेची बी कुठून येणार?

"काय रं?" रामहरी म्हणाला. "दाट झाली का?"

"गप बस."

दारातल्या गर्दीच्या मागून वीरभद्रप्पाचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "धोंडिरामा, एक विचारतो. रागावू नको. भीमाबाई माझ्याकडं तेल नेती, मीठ नेती, साबण नेती. पण कॉफी न्हेऊन दोन वर्षं झाली. मिलो खायचं साल होतं तवापासनं न्हाई नेली. मला वाटलं, तुमी सोडली. मग तू रोज पितोस ते कुठलं?"

कुणी हसलं नाही. रामहरीसुद्धा. धोंडिरामनं दार लावून घेतलं.

रिकामा डबा फळीवर होता. त्यानं तो खाली घेतला, बुडाशी चिकटलेली पूड नखानं खरवडली आणि नाकाशी नेली. तो भिंतीला टेकून खाली बसला.

हा वास त्याला डोळे बांधूनही ओळखता आला असता. सायझिंग खात्यात सुताला खळ लावतात. ती खळ चिंचोक्याच्या पिठाची. सतरा वर्षं धोंडिराम तीच शिजवत होता, मोठ्या हौदात, रवी फिरवत. त्याच्या सदऱ्याला, केसांना, अंथरुणाला तोच वास होता. अंगालाच वास म्हटल्यावर ग्लासातला कसा कळणार? चिंचोके. भाजलेले, दळलेले चिंचोके. म्हणून दाट. खळच ती. सूत ताठ करायची ती खळ दोन वर्षं तो बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून, मिशी पुसून, चार माणसांना वाटून पीत होता.

माळ्यावर त्याला अर्धं पोतं सापडलं. भीमाबाई एका व्यापाऱ्याच्या चिंचा फोडायला घरी आणायची. चिंच व्यापाऱ्याची, चिंचोके हिचे. पोत्याशेजारी काळाठिक्कर पडलेला तवा होता. एवढं सगळं दहा बाय बाराच्या खोलीत होतं आणि फळ्यावर गावाच्या मापातली खोट पकडणाऱ्याला ते दिसलं नव्हतं.

त्या दिवशी तो पाळीला गेला नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भीमाबाई एसटीनं आली. हातात गाठोडं, तोंडावर नात झाल्याचा आनंद. नवरा चुलीपुढं बसलेला आणि समोर पोतं, तवा, डबा मांडलेला. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि आधी पाणी प्याली.

"नात झाली," ती म्हणाली.

"हे काय हाय?"

"दिसतंय की. चिंचोकं."

"भीमे, मला फसवलंस तू. दोन वर्षं."

"व्हय."

एवढं सरळ उत्तर येईल अशी त्याची तयारी नव्हती. पोत्याकडं रोखलेलं बोट त्यानं खाली घेतलं.

"दुष्काळात तुमच्या पाळ्या बंद पडल्या," ती पदरानं मान पुसत बोलू लागली, "आठवड्यातनं दोन दिस काम. पोरीच्या लग्नाचं देणं डोक्यावर. मी इचारलं तुमास्नी, कॉफी थांबवू का म्हणून. तुमी काय म्हणालात? भाकरी अर्धी कर, पर ती थांबवू नको. म्हणालात का न्हाई?"

त्यानं डब्याचं झाकण उगाच बसवलं.

"आदी पाव भाग मिसळला. मग निम्मा. मला रोज भ्या वाटायचं, आज ग्लास फेकत्यात, आज फेकत्यात. एक दिस तर पुडीच न्हवती, निस्ता चिंचोकाच गाळला आन् मी दाराबाहीर जाऊन हुबी ऱ्हायले. तुमी आतनं वरडलात, भीमे, आज लई झकास झालीय, रोज अशीच करत जा. मग केली रोज."

"दुष्काळ सरला, तवा तरी सांगायचं."

"कसं सांगायचं? तवर तुमी सगळ्या चाळीला पाजून बसला हुतात. अस्सल म्हणून." तिनं पदर खोचला. "तुमी कप फोडला ते समद्या पेठेला म्हाईत हाय. तुमचा ग्लास भरायला मी किती चिंचा फोडल्या, ते कुणी इचारलं?"

तिची बोटं त्यानं तेव्हा बघितली. चिंचेनं चिरलेली, नखांच्या कडा काळ्या. ही बोटं पण या खोलीतच होती.

मग त्यानं तिला फळ्याचं सांगितलं. वीरभद्रप्पाचं, शेगडीचं, पायरीवरच्या बियांचं. ऐकता ऐकता ती खालीच बसली.

"आप्पानं दुष्काळात मला उधार तेल दिलंय हो," ती म्हणाली. "तोंड कसं दाखवायचं मी?"

"पुसून टाकतो उद्या सकाळी."

"निस्तं पुसून काय हुतंय? खोटं लिवलंय तसं खरं बी लिवा."

"लिहिलं तर पुन्हा कोण वाचंल माझा फळा? आयुष्यात एवढंच तर कमावलंय."

"आन् आप्पानं काय कमावलं हुतं? त्यानं बी तेवढंच की." मग हळू म्हणाली, "आन् माझ्या कॉफीला भेसळ म्हणू नका. मी इकली न्हाई ती. माझं नाव घालून लिवा. मीच केलीय."

सकाळी पहिल्या भोंग्याआधी तो फळ्यापाशी गेला. जुनं अजून तसंच होतं. ओल्या फडक्यानं पुसलं. फळा वाळेपर्यंत उभा राहिला. मग लिहिलं:

"वीरभद्रप्पाची कॉफी शुद्ध आहे. मी लिहिले ते खोटे होते. माझी पत्नी भीमाबाई दुष्काळापासून मला चिंचोक्याची कॉफी करून देत होती, ती मी अस्सल समजलो. चूक माझ्या जिभेची. — धोंडिराम, सायझिंग खाते."

लिहून तो निघून गेला नाही. फळ्याशेजारी हात मागं बांधून उभा राहिला. पाळीची माणसं आली, वाचलं, त्याच्याकडं बघितलं, पुन्हा वाचलं. ज्यांनी ती दाट कॉफी वाखाणली होती त्यांनी खाकरल्यासारखं केलं. रामहरीनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाला, "म्हंजे आमच्या पोटात बी खळ हाय. बरं झालं, ताठ चालता येतंय." धोंडिरामनं ते गिळलं.

वीरभद्रप्पा सगळ्यांत शेवटी आला. बोट लावून वाचलं.

"माझं चार दिवस होतं हितं," तो म्हणाला. "हे पण चार दिवस राहू दे."

"आठ दिवस ठेवतो, अप्पा."

"चारच. जास्त नको." त्यानं धोतराच्या सोग्यातून कॉफीची पुडी काढून फळ्याच्या कडेवर ठेवली आणि दुकान उघडायला गेला.

धोंडिराम पुडी घेऊन घरी आला. भीमाबाई प्रवासानं आखडलेली, अजून अंथरुणातच होती. ती उठायला लागली, तर त्यानं हातानंच थांबवलं. पाणी, उकळी, पूड, झाकण. फडकं पिळलं. आज ती पडल्या पडल्या आवाज ऐकत होती. त्यानं ग्लास तिच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाकडं बघत समोर बसला.

तिनं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"पातळ हाय की ओ."

"व्हय," तो म्हणाला. "अशीच असती म्हणं."