जान्याच्या डोक्याची परीक्षा

वेळ सकाळी आठची. जागा जव्हारच्या दवाखान्याचा ओटा. संस्थानी काळातल्या एका उन्हाळ्यात मी रोज तिथे बसत होतो. आलो होतो जंगलातल्या एका अपघाताच्या बातमीसाठी. परत गेलो तेव्हा किस्से एवढे साठले होते की आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी विचारलं, "तुम्हाला वार्ताहर म्हणून धाडलं होतं की जावई म्हणून?" दोष माझा नाही. कंपाउंडर दामूअण्णा आणि पेशंट जान्या एका ओट्यावर बसले की किस्से होणारच.

जान्या दाभोश्याचा, वीस-बावीस वर्षांचा. जंगलात सागाचे ओंडके उताराने खाली आणताना एक सुटला आणि त्याच्या डोक्याला लागला. झोळीत घालून त्याला आणलं, सोबत बायको सोनी. जखम भरली, पण शब्द गेले. ठेकेदाराचा मुकादम सांगत फिरला, की ताडी पिऊन तोच ओंडक्याखाली शिरला. सोबतच्या तिघांना मुकादमाने लांबच्या जंगलात कामाला धाडलं. साक्षीला उरला जान्या. डॉक्टरांनी त्याला वेडा ठरवलं असतं, तर त्याचा जबाब झाला नसता आणि रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली असती.

• • •

डॉक्टर पुण्याचे, नुकतेच आलेले. त्यांनी पहिल्या दिवशी दौत दाखवली. "हे काय?" जान्या गप्प. घड्याळ दाखवलं. गप्प. खुर्ची. गप्प. डॉक्टर लिहायला लागले.

दामूअण्णा म्हणाले, "साहेब, दौत त्याने डोकं फुटायच्या आधीही पाहिली नव्हती."

मग अण्णांनी स्वतःच्या घरचा कोयता आणून त्याच्या हातात दिला. नाव काही येईना. ओठ हलले, कपाळावर घाम आला. शेवटी त्याने धारेवरून अंगठा फिरवला, अण्णांकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि ओट्याच्या कडेच्या दगडावर कोयता घासायला बसला.

डॉक्टरांनी लिहिलं: नाव सांगता येत नाही. अण्णा म्हणाले, "कोयता बोथट होता, हेही लिहा. ते त्याला आमच्या घरात सगळ्यांच्या आधी कळलं."

• • •

दुसरी टेस्ट. "बायकोचं नाव काय?"

जान्याने मान खाली घातली. सोनी दाराशीच उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी लिहिलं, 'स्मृती नष्ट.' मी उसळलोच. कॉलेजात शिकलेला माणूस मी, तावातावाने म्हणालो, "ही परीक्षा आहे की थट्टा?" डॉक्टर म्हणाले, "मग तुम्ही वेगळा प्रश्न सुचवा."

अण्णा औषधाची बाटली हलवत म्हणाले, "साहेब, आपल्या मंडळींचं नाव काय?"

डॉक्टर लाल झाले. अण्णा माझ्याकडे वळले, "आणि तुमच्या?"

मी भिंतीकडे पाहायला लागलो. डॉक्टरांनी 'स्मृती नष्ट' खोडलं.

• • •

जान्या आदल्या दिवसाचं विसरायचा. रोज सकाळी अण्णांना विचारायचा, "तू... कंचा?" अण्णा रोज गाव सांगायचे, बापाचं नाव सांगायचे, दोन मुलींची लग्नं कुठे झाली तेही सांगायचे. पंधरा दिवस मी ऐकलं. सोळाव्या दिवशी म्हणालो, "अहो, 'काल सांगितलं' एवढंच सांगा ना."

"कशाला? घरी मला कोणी काही विचारत नाही. इथे रोज कोणीतरी विचारतं."

• • •

पाणी मागायला जान्याला शब्द सापडत नसे. पण भाताच्या आवणीच्या वेळचं गाणं सोनीने धरलं, की तो पुढच्या ओळी घडाघडा म्हणायचा. त्यात पाणी होतं, चिखल होता, बैलही होते. मग ती तांब्या दाखवून त्याच ओळीवर थांबायची, आणि तो गातागाताच पाणी मागायचा.

ती भाकऱ्या करायला गेली की हे काम अण्णांकडे. अण्णांचा आवाज फुटक्या डब्यासारखा. त्यांनी सूर लावला की खाटेवरचे पेशंट बाहेर यायचे.

मी म्हणालो, "तुमच्या गाण्याने पेशंट पळतात."

"पळतात ना? म्हणजे पाय बरे झाले."

• • •

मी जन्मभर कचेऱ्यांशी भांडलो. आभार मानायची वेळ क्वचित आली. या ओट्याचे मात्र मानतो. लिहिलेलं खोडणारा डॉक्टर मी नंतर कुठे पाहिला नाही. त्यांनी अखेर लिहून दिलं: जान्याला समज आहे, फक्त वाचा अडते. त्या कागदामुळे तो इस्पितळात न जाता सोनीबरोबर दाभोश्याला गेला.

जाण्याआधी जबाब झाला. जबाब लिहून घ्यायला कचेरीचा कारकून आला, मुकादमही आला. कारकुनाने विचारलं, "ओंडक्याखाली लावलेला दगड कोणी काढला?" जान्याने तोंड उघडलं. काही आलं नाही. मुकादम हसला.

सोनी कारकुनाला म्हणाली, "त्याला पुसू नोको. करू दे."

दवाखान्यामागे उतार होता, सरपणाचा ढीग होता. जान्याने एक ओंडका वर नेला, त्याखाली दगड लावला. उतारावर तीन खडे मांडले, सोबतचे तिघे. मग तो मुकादमाकडे गेला, त्याचं मनगट धरलं, त्याला हळूच वर नेलं आणि त्या दगडापाशी उभं केलं. स्वतः खाली येऊन खड्यांच्या शेजारी वाकला. वर पाहिलं, आणि थांब म्हणून हात वर केला. तसाच राहिला.

मुकादम म्हणाला, "मी त्या दिवशी मोखाड्याच्या बाजारात होतो."

त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

जबाबाची नक्कल माझ्याकडे आहे. कारकुनाचं अक्षर सुंदर. 'दगड कोणी काढला?' हा प्रश्न त्यात आहे. त्यापुढची ओळ कोरी आहे.