नव्या वस्तूंसाठी पाच माणसं

वडील फौजेतून निवृत्त झाले तेव्हा मी सातवीत होते. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस चाळिशीच्या आत घरी बसतो, हे फौजेबाहेरच्या लोकांना खरं वाटत नाही. क्वार्टर रिकामं करायची मुदत जवळ येत चालली होती. गावी राहायला धड छप्पर नव्हतं आणि मी मराठी शाळेत एक दिवसही बसलेली नव्हते. म्हणून आम्ही दिल्लीतच थांबलो. पालमला एक खोली घेतली. स्वयंपाक, झोपणं, अभ्यास, भांडणं, सगळं त्या एका खोलीत. वडील गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीच्या दारावर बारा तास उभे राहायचे. आई जवळच्या दोन घरांत पोळ्या करायला जायची, पण हे गावी कळू द्यायचं नाही असं घरात ठरलेलं होतं. पाण्याचा टँकर आला की मी गणित अर्धवट टाकून बादल्या घेऊन पळायचे. त्या खोलीतून मी बी.एस्सी. झाले. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. का सांगू नये?

पुढे गुरुग्रामलाच नोकरी लागली. दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या, हे काम. मी मुनिरकात एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली आणि रोज हौज खासला मेट्रो बदलून कामावर जाऊ लागले. पण ज्याची गोष्ट सांगायची आहे ते काम नोकरीचं नव्हे. ते बिनपगारी.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मी एका ऑनलाइन खेळाच्या मॉडवर काम करत होते. मॉड म्हणजे काय, हे वडिलांना समजावताना मुनिरकाच कामी आलं. आमच्या गल्लीत मालक लोक चार मजली घरावर, कुणाला न विचारता, पाचवा मजला चढवतात. तसंच हे. खेळ एका कंपनीचा, त्यावर खेळणाऱ्यांनी आपला मजला चढवला.

वडिलांनी विचारलं, ‘‘पाडत नाहीत का?’’

म्हटलं, आपण कुणाकडून पैसे घेत नाही तोवर कंपनी डोळेझाक करते.

‘‘मग बरोबर आहे. मुनिरकाच,’’ वडील म्हणाले.

खेळात नदीकाठी वस्ती करायची असते. शंभरेक जण एकाच वेळी त्या नकाशावर शेती करतात, घरं बांधतात, एकमेकांचा माल पळवतात. आमच्या मॉडने त्यात आपल्याकडच्या वस्तू आणल्या: चूल, जातं, चारपाई, कावड. कुणीही नवी वस्तू बनवून पाठवायची आणि मी ती तपासायची. तिचं वजन किती, वापरली की माणूस किती दमतो, ती किती दिवसांनी मोडते, तिच्यामुळे दुसऱ्या कुणाचा खेळ बिघडतो का. हे बघावंच लागतं. एकदा एकाने पाठवलेली कावड मी घाईत पास केली, तर ती खांद्यावर घेतलेला माणूस घोड्यापेक्षा जोरात पळायला लागला. दोन दिवस अख्खी वस्ती कावडी घेऊन सुसाट धावत होती.

कॉलेजात मी फारशी बोलायची नाही. माझं इंग्रजी ऐकून पोरी एकमेकींकडे बघत. इथे मात्र लोक माझं मत विचारायचे आणि त्याप्रमाणे करायचे. तीन वर्षांत माझं असं म्हणावं ते हे एकच काम उभं राहिलं होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मॉडच्या मूळ कर्त्याचा निरोप आला. तो ब्राझीलमध्ये राहतो. त्याला मुलगी झाली होती आणि त्याचा वेळ संपला होता. तपासायच्या वस्तूंचा ढीग माझ्या एकटीच्याने हटत नाही, हे त्यालाही दिसत होतं. त्याने सरळ लिहिलं की महिनाअखेरपर्यंत नव्या वस्तू सांभाळायला तुझ्याशिवाय पाच माणसं उभी कर, नाहीतर नव्या वस्तूंचं दार मी कायमचं बंद करतो. आहे त्या वस्तूंवर लोक खेळत बसतील. महिनाही नेमका अठ्ठावीस दिवसांचा.

माझी रूममेट अमरावतीची, स्पर्धा परीक्षांच्या चौथ्या वर्षात. गच्चीवर उन्हात बसून मुळ्याला मीठ-मसाला लावून खात होतो, तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, जाहिरात काढ, मी सांगते तशी लिही. सरकारी जाहिरातींचा तिचा व्यासंग दांडगा. पदाचे नाव, पदसंख्या, वयोमर्यादा, निवडीचे टप्पे, सगळं तिने तोंडी सांगितलं आणि मी हिंदीत नि इंग्रजीत उतरवलं.

‘‘पात्रता टाक ना,’’ ती म्हणाली. ‘‘पात्रता नसली तर लोकांना वाटतं काम फालतू आहे.’’

मी लिहिलं, मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी. लिहिताना हात जराही अडखळला नाही. उलट बरं वाटलं. खाली सहीच्या जागी तिने ‘आदेशावरून’ असं घालायला लावलं. आम्ही दोघी त्यावर पोट धरून हसलो, पण काढलं मात्र नाही. मी ती मॉडच्या पानावर लावली आणि तिने हौसेने तिच्या अभ्यासाच्या पाच ग्रुपांवर टाकली.

तीन दिवसांत दोनशेच्या वर अर्ज आले. मी हवेत. मग अर्ज उघडून वाचायला बसले. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ अशी. अभ्यासक्रम कुठे मिळेल? निगेटिव्ह मार्किंग आहे का? प्रवेशपत्र कधी निघेल? एकाने रहिवासी दाखला जोडला होता. एकाने विचारलं, पोस्टिंग दिल्लीतच का? हा खेळ खेळलेला त्यात जेमतेम एखाददुसरा. मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं की हे बिनपगारी काम आहे, आवड असेल तरच या. त्यानंतर नऊ जण उरले. त्यांना एकेक वस्तू तपासायला दिली तेव्हा एकच उरला, पाटण्याचा. त्याचं कारण त्यानेच सांगितलं. पूर्वपरीक्षेत नापास झाला होता आणि महिनाभर पुस्तकाकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

निम्मा फेब्रुवारी संपला. पाचांत एक.

मॉडवर एक बाई नेमाने खेळायची. खेळातलं तिचं टोपणनाव इथे सांगत नाही. वस्तूंमधल्या चुका ती वर्षभर मला कळवत होती, तेही मराठीत, इंग्रजी अक्षरांत. नवरा फौजेत आहे आणि दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहते, एवढंच माहीत होतं. माझं खेळातलं नाव पुरुषी, त्यामुळे तीही मला सर म्हणायची. तिने अर्ज कसा केला नाही, म्हणून मीच विचारलं.

उत्तर आलं, ‘‘सर, पदवी पाहिजे असं लिहिलंय. माझं दहावीचं गणित राहिलंय. त्ये असू द्या, सूप तेवढं बघा. वाऱ्याशिवाय चालंना झालंय.’’

सूप ही नवी वस्तू होती. नोएडाच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने बनवलेली, आणि खेळात वारा सुटला तरच त्यात धान्य पाखडलं जायचं. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. तिने समजावून लिहिलं की वारा लागतो तो उफणायला, खळ्यात, उंचावरून धान्य सोडताना. सूप घरात बसून हलवायचं. वारा नसला म्हणून बाई काय घरच्यांना खडे खाऊ घालील? ज्याने हे केलं त्याने सूप हातात धरलेलं नाही, असंही तिने लिहिलं. आणि ज्याने पास केलं त्याने? हे तिने विचारलं नाही, पण पास मी केलं होतं. उफणणं म्हणजे काय, तेसुद्धा मी आईला फोन करून विचारलं.

रविवारी पालमला गेले तेव्हा वडिलांच्या कानावर घातलं. मला वाटलं ते म्हणतील, घे त्या बाईला. ते म्हणाले, ‘‘पदवी लिहिलीस ते चूक काय? तुला काय ती रस्त्यावर सापडली? दारावर उभं राहून मी रोज बघतो, कोणाला आत सोडतात ते.’’  मुनिरकात परतले तर रूममेटकडे तोडगा तयार होता. पदवीपुढे ‘किंवा समकक्ष’ असं लिही, म्हणाली, सगळे बसतात त्यात. पण समकक्ष म्हणजे काय, हे त्या बाईला मीच सांगायचं होतं. तू माझ्या बरोबरीची नाहीस, पण चालवून घेऊ, असंच ना? ते मला जमेना. दोन दिवस मी ती जाहिरात उघडत होते आणि मिटत होते. शेवटी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवताना पात्रतेची ओळ पुसली. वयोमर्यादा पुसली. आदेशावरूनसुद्धा पुसलं. उरलं एवढंच: वस्तू बघायला माणसं हवीत, बिनपगारी.

मग तिला लिहिलं की पदवीची अट काढली, भेटाल का? ती म्हणाली, शनिवारी सरोजिनी नगरला यायचंच आहे, थंडी संपताना स्वेटर स्वस्त होतात.

स्वेटरच्या ढिगापाशी ती मला फोनवर लिहून खुणा सांगत होती आणि मी तिच्या समोरच उभी होते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल, हातात मुलाचं जॅकेट.

‘‘आता गं बया. तुम्हीच सर?’’ ती म्हणाली. ‘‘मी ह्यांना सांगून आले, एका सरांना भेटायचंय. ते बघा, त्या मोज्यांच्या गाड्यामागं उभं राहून लक्ष ठेवून हायत.’’

मी त्यांना लांबूनच नमस्कार केला. ते इतके ओशाळले की मोज्यांचे चार जोड घेऊनच टाकले. चहा घेताना माझे वडीलही फौजेत होते हे सांगितलं आणि मी तिला वहिनी म्हणायला लागले, कॅन्टोन्मेंटमध्ये लहानपणापासून तीच सवय. सगळं मोकळेपणाने सांगितलं: पाच माणसं, महिनाअखेर, नाहीतर दार बंद. शिवाय माणसं येतात आणि चार दिवसांत गायब होतात.

‘‘गेलेल्या माणसाच्या वस्तू मग कुणाकडं?’’ तिने विचारलं.

‘‘कुणाकडेच नाही. तशाच पडून राहतात.’’

‘‘बदली झाली की क्वार्टर कसं सोडता हो तुमच्याकडं? कुलूप लावून पळता का?’’

मला हसू आलं. फौजेत जाणारं कुटुंब येणाऱ्याला यादी घेऊन सगळं दाखवतं. पंखा फिरवून, नळ सोडून, खिडकीची काच न् काच. येणारा ‘बघितलं’ म्हणेपर्यंत जाणारा सुटत नाही. लहानपणी तीन छावण्यांमध्ये मी स्वतः दिव्यांची बटणं दाबून दाखवली होती. वस्तूंचंही तसंच करायचं, वहिनी म्हणाली. जो सोडून जाईल त्याने दुसऱ्याला खेळात समोर उभं करून वस्तू वापरून दाखवायची, मगच जायचं. आणि ती एकटी येणार नव्हती. तिच्या ब्लॉकमधल्या दोघी, एक गढवालची आणि एक पंजाबची, मुलं शाळेत गेली की तिच्याबरोबर खेळायच्या. त्या तयार असल्या तरच ती तयार.

त्या दोघी दुसऱ्याच दिवशी आल्या. पाचांत चार झाले. पाचवा म्हणून मी नोएडाच्या सूपवाल्यालाच विचारलं. तो आधी रुसला. सगळे ऑनलाइन बोलत होतो तेव्हा त्याने तक्रार केली, ‘‘मैम, हवा वाला सिस्टम बनाने में दो हफ्ते लगे थे.’’

‘‘दो हफ्ते में तो पूरा खलिहान साफ हो जाता है, भैया,’’ वहिनी म्हणाली.

तो हसला आणि राहिला. वाऱ्याचं काम वाया गेलं नाही. त्याने त्यातून उफणणी वेगळी बनवली, आणि सूप घरात आलं. मग साठलेला ढीग आम्ही वाटून घेतला. गढवालच्या बाईने चारपाईची दोरी सैल पडत नाही म्हणून ती परत पाठवली. पंजाबची बाई जातं घेऊन बसली. ते एकटीने ओढलं काय नि दोघींनी ओढलं काय, पीठ तेवढंच पडत होतं. हे तिला अजिबात मंजूर नव्हतं. पाटण्याच्या पोराने पुस्तक न उघडायचा महिना संपत आल्याचं सांगितलं आणि नियमाप्रमाणे आपल्या तीन वस्तू वहिनीला वापरून दाखवायला निघाला. मग म्हणाला, राहू दे, तासभर देतो रोज.

वडिलांना मी सांगितलं की पदवीची ओळ काढली. त्यांनी जेवण पुरं केलं. हात धुताना त्यांनी विचारलं, पाच झाले का? मी हो म्हटलं.

सत्तावीस तारखेला मी ब्राझीलला यादी पाठवली. यादीतली माणसं खरंच लक्ष ठेवतात का, हे बघायला त्याने एक वस्तू कुणाला न सांगता काढून घेतली आणि ती कोण मागायला येतं ते बघत बसला. तासाभरात वहिनीचा निरोप त्याच्या दारात होता, मराठीत. त्याला एक शब्द कळला नाही, पण मुद्दा कळला.

नव्या वस्तूंचं दार बंद झालं नाही. आज ते काम माझ्यासकट सहा जण बघतात, त्यातल्या दोघांकडे पदवी आहे, एकाची अजून व्हायची आहे आणि तिघींकडे नाही. जुना ढीग पूर्ण संपला आहे आणि प्रत्येक नव्या वस्तूला तिचा माणूस आहे.