आईचं बोलणं माझ्या इंग्रजीत

डिलाईल रोडजवळच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये आता आर्ट गॅलरी आहे. माझे बाबा त्याच गिरणीत कामाला होते. माझ्या मैत्रिणीने तिथे एक प्रयोग लावला होता. मध्ये दोन खुर्च्या. प्रेक्षकांतल्या कुणीही यायचं आणि घरी कधीच न बोललेली गोष्ट आपल्या भाषेत सांगायची. समोर मी. ऐकलेलं लगेच इंग्रजीत बोलायचं, तेही 'मी' म्हणून, जणू ते माझ्यावरच गुदरलंय. भाषांतर माझा पेशाच, त्यामुळे अवघड वाटलं नव्हतं.

बाबा गेल्यापासून आई घराबाहेर फारशी पडत नव्हती. तेवढाच बदल म्हणून तिला घेऊन गेले. मागे कुठेतरी बसून राहील असं वाटलं होतं. पण एक गुजराती आजोबा बोलून उठले आणि आई सरळ येऊन माझ्यासमोर बसली.

"तुज्याआधी माका एक चेडू झाला," ती म्हणाली. "संपात. घरात खाऊक नव्हता, माझा दूध आटला. बारशाआधीच ता गेला."

घरातली थोरली मी, असंच मी आजवर समजत होते. लोक इंग्रजीची वाट बघत होते. मी बोलायला लागले. मला एक मुलगी झाली होती. माझं दूध आटलं. बारशाला शब्द सुचेना, म्हणून 'तिला नाव ठेवायच्या आधी' असं म्हटलं. आईला इंग्रजी येत नाही. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. टाळ्या पडल्या. हे आधी बसवलेलं होतं का, असं एका बाईंनी जवळ येऊन विचारलं.

आईला उद्याही आण, असं मैत्रीण म्हणाली. मी नाही म्हटलं. पुढच्या प्रयोगांना मीही गेले नाही.

त्या दिवशी घरी परतताना टॅक्सीत आईने विचारलं, त्यांना सगळं सांगितलंस का. सगळं, मी म्हणाले. मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर म्हणाली, बाबांनी शपथ घातली होती.

"पुरलं कुठे तिला?"

"तुझ्या बाबांनी वडाळ्याक नेल्यानी. माका येवक दिल्यानी नाय."

एकदा जाऊन येऊ या, मी म्हटलं. ती म्हणाली, जागा कुठली ते बाबांनी कधी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.