पट्टीने मारलेल्या रेघा

गुरुग्रामच्या घरात दारांना पॉलिश चाललंय. टर्पेंटाइनच्या वासानं मी थेट लहानपणीच्या सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत पोचलो, बाबांच्या चित्रापाशी.

थंडीतल्या रविवारी बाबा यमुनेकाठी जाऊन धुकं रंगवत. त्या चित्रात म्हणे पूल होता. मला दिसत होते नुसते राखाडी, जांभळे, थोडे केशरी फटकारे. मी चौदा वर्षांचा, भूमितीत पैकीच्या पैकी मिळवणारा. बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी पट्टी ठेवून काळ्या रंगानं पुलाचे खांब, कठडे सगळं नीट आखून दिलं.

बाबा आले आणि बघतच राहिले. "कोणी केलं?"

मी सहा वर्षांच्या धाकट्या बहिणीकडे, मीनलकडे बोट दाखवलं. ती रडरड रडली. खरं काय ते मी पुढंही कधी सांगितलं नाही.

आता बाबा नाहीत. चित्र माझ्या हॉलमध्ये आहे. काल गाझियाबादहून मीनल आली, तेव्हा तिला एकदाचं सांगून टाकलं.

ती हसायलाच लागली. "अरे दादा, सहा वर्षांची पोर पट्टी लावते होय? बाबांनी तेव्हाच ओळखलं होतं. मला म्हणाले, तो सांगेल स्वतःहून, वाट बघू."

"आणि तू इतकी वर्षं..."

"बघितली वाट. तूही बिल्कुल घाई केली नाहीस, यार. चल, इथून बघ."

तिनं मला दारापर्यंत मागे नेलं. तिथून पूल दिसत होता, सकाळच्या ओलसर हवेत उभा. माझ्या रेघा बाबांनी खोडल्या नव्हत्या. त्यांच्यावरून धुक्याचा एक पातळ हात तेवढा फिरवला होता.